दुपट्यावरचं नाव

३ फेब्रुवारी

लुकड्या,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत. आधी भांडण.

काल टपालवाल्याने पार्सल आणून दिलं. मला वाटलं बाळाचे फोटो असतील, नाहीतर तिच्या पावलाचा शाईतला ठसा, हल्ली इस्पितळात काढून देतात तसा. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, हॉटेलातल्या आचाऱ्यांचे कोट घेऊन. त्याला म्हटलं, "जरा थांबा हो, नातीचं काहीतरी आलंय," आणि कात्रीने दोरी कापली. आत मीच पाठवलेलं दुपटं. घडीसुद्धा मी घातली होती तशीच. फक्त कोपऱ्यात मी भरलेलं नाव नव्हतं.

उसवलंय फार सफाईने, तेवढं मानायला हवं. मशीनचं भरतकाम उसवणं म्हणजे खायचं काम नाही. कापड उलटं करायचं, मागचा दोरा पात्याने हलकेच कापायचा, मग पुढून एकेक टाका ओढून काढायचा. घाई केली की कापड फाटतं. तुझ्या बायकोने कुठे एक धागा ओढला जाऊ दिलेला नाही. नुसती सुईची भोकं राहिली आहेत. उजेडासमोर धरलं तर माझं नाव अजून वाचता येतं. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

त्या गिऱ्हाइकासमोर मी काय करणार होते? "साइज चुकली वाटतं," म्हणाले आणि दुपटं खाली ठेवलं. दुपट्याला कसली आलीय साइज.

आपल्या घरातली रीत तुला सांगायला नको, पण तू तिला सांगायला विसरला असशील म्हणून लिहिते. मुलाच्या पहिल्या मुलीला आजीचं नाव. तेही आजी हयात असताना, आजीच्या देखत, आजीच्या मांडीवर. माझं नाव माझ्या आजीचं, तिचं तिच्या आजीचं, आणि त्याच्या मागे कुठवर जातं कोणास ठाऊक. लहानपणी कोणी हाक मारली की आजी आणि मी दोघी एकदम "ओ" द्यायचो. मग हाक मारणारा म्हणायचा, "थोरली नको, धाकटी हवी." मला त्यात केवढी ऐट वाटायची. तुझ्या ताईला दोन्ही मुलगेच झाले, आणि मुलगी झाली असती तरी ती तिच्या सासूच्या वाट्याची. म्हणजे हे एकच बाळ उरलं.

तू फोनवर म्हणालास, "आई, ते नाव नको, आपण नंतर बोलू." नंतर म्हणजे कधी? नोंदणी कचेरीची मुदत एप्रिलअखेर संपते हे तूच सांगितलंस. तोवर पोर कागदोपत्री नुसती "मुलगी". ताई तिला टिकली म्हणते, फोटोत एवढीशी दिसते म्हणून. पण टिकली म्हणून कोणी शाळेत घालत नाही.

फोनवर आपण दोघं एकमेकांचं ऐकायच्या आधीच ओरडायला लागतो आणि मग तू फोन ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. पत्राला उलट बोलता येत नाही.

मला सरळ उत्तर हवं. ठेवणार की नाही?

तुझी आई

२० फेब्रुवारी

लुकड्या,

तुझं पत्र आलं. एकदा बसून वाचलं, एकदा खोलीत फेऱ्या मारत वाचलं. फेऱ्या मारतानाही ते तसंच होतं.

म्हणजे मी समजले ते असं. तुझ्या बायकोच्या माणसांत जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. गेलेल्याचं देतात, त्याची आठवण राहावी म्हणून. जिवंताचं दिलं तर त्या माणसाचं आयुष्य घटतं अशी समजूत. म्हणून तिने दुपटं पाहिल्याबरोबर पातं घेतलं आणि तिच्या आईला दाखवायच्या आधी नाव काढून टाकलं. म्हणजे हा नकार माझ्याच काळजीपोटी आहे तर. बरं आहे. कोणी माझ्या तोंडावर दार आपटलं आणि म्हणालं, वारा लागेल हो तुम्हाला, तर मी त्याचे आभार मानायचे.

तू लिहिलंस, "आई, तुला इतक्या लोकांची नावं माहीत, तुला तरी हे समजायला हवं." समजतं की. म्हणूनच सांगते, ज्याची त्याची तऱ्हा असते आणि कुठल्याही तऱ्हेने माणसं मोठी होतात.

मी नावं भरते ती कोटांवर, टॉवेलांवर, शाळेच्या गणवेशांवर, आणि तुला माहीत आहे की अर्थ विचारल्याशिवाय मी मशीन सुरू करत नाही. शेजारचे टेलरमास्तर कायम कुरकुरतात, "तुम्हाला कशाला हव्यात चौकशा? अक्षरं बरोबर आली म्हणजे झालं." पण मला अर्थ कळला की दोऱ्याचा रंग सुचतो. आता बेकरीवाल्याचं बघ. त्याच्या नावाचा अर्थ नुसता "शुक्रवारी जन्मलेला". त्यांच्याकडे वारावरूनच एक नाव पडतं. मी म्हटलं, मग बाजारात हाक मारली की गर्दीतले किती जण वळत असतील? तो म्हणाला, "सगळे शुक्रवारवाले वळतात. आणि काय बिघडलं, ज्याला काम आहे तो थांबतो."

नळदुरुस्तीवाले जुळे भाऊ आहेत. पहिल्याच्या नावाचा अर्थ "जगाची चव घ्यायला आधी आलेला" आणि दुसऱ्याचा "मागून आलेला". मला वाटलं पहिला थोरला. तर नाही. त्यांच्यात मागून आलेला थोरला, कारण त्याने धाकट्याला पुढे पाठवलं, जा, बघून ये कसं काय आहे ते. अजूनही नळ फुटला की आधी धाकटाच भिजतो.

आणि शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या नावाचा अर्थ "पुरे". मुलीच मुली झाल्या म्हणून बापाने नावातच सांगून टाकलं. त्यानंतर आणखी बहिणी झाल्याच. त्यांची नावं काय ठेवली, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांना फुलांची नावं मिळाली. तोवर बाबा दमले होते." या बाई आता सगळ्या शाळेला नुसत्या नजरेने पुरे म्हणतात. नावामुळे त्यांचं कुठे काय अडलं?

गंमत अशी की माझ्या स्वतःच्या नावाचा अर्थ मला माहीत नाही. आजीला विचारलं तर ती म्हणायची, "अर्थ काय करायचाय? आपलं आहे ते." मोठेपणी विचारत फिरले. एका प्राध्यापकांनी सांगितलं, "सकाळ". दुसऱ्याने सांगितलं, एका बोलीत त्याचा अर्थ "कडू" होतो. तुझ्या बाबांना हे दुसरं लगेच पटलं. काय असायचं ते असो, पण ते इतक्या बायांनी वापरून झिजवलेलं नाव आहे आणि ते माझ्यापाशी येऊन थांबावं असं मला वाटत नाही. हे तिला सांग. शब्द बदलू नकोस. तुला गोड करून सांगायची खोड आहे.

बाकी ठीक. ताईने मला मोठ्या इस्पितळात नेलं होतं. तिच्या गुडघ्यासाठी. मी आपली सोबत. तर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझंच रक्त काढून घेतलं, आयती सापडले म्हणून. वजन जरा उतरलंय. चांगलंच आहे, पेटीतले जुने कपडे पुन्हा बसायला लागले.

तुझी आई

८ मार्च

लुकड्या,

तुझं पत्र नाही. ताई म्हणते, बाळ लहान आहे, घरात झोप नाही, लिहिणार कधी? झोप तर मलाही नाही, मी लिहितेच आहे.

माझं एका जागी बूड टेकत नाही हल्ली. सकाळी दुकान उघडते, रीळ लावते, कापड रिंगमध्ये ताणून बसवते, आणि मग उठून दारात जाते. दारातून परत येते, तर काय करायला उठले होते ते आठवत नाही. परवा शाळेचा एक गणवेश उलटा लावला आणि कुण्या पोराचं नाव आतल्या बाजूला भरून ठेवलं. टेलरमास्तरांनी पाहिलं. एरवी आठवडाभर पुरवून हसले असते. या वेळी नुसता चहा आणून ठेवला. मला ते मुळीच आवडलं नाही.

आणि हो, दोन दिवस दुकान बंद होतं. तू ताईकडून ऐकशील म्हणून आधीच सांगते, साफसफाई काढली होती.

आता मुख्य गोष्ट. पुलाजवळचे घड्याळवाले आले होते, त्यांच्या ॲप्रनवर नाव भरायचं होतं. पूर्वी कधी आले नव्हते. मी नेहमीप्रमाणे अर्थ विचारला. ते म्हणाले, "म्हातारा."

मी म्हटलं, "तुम्ही नाही हो, नावाचा अर्थ."

"तोच तर सांगतोय. पाळण्यात असताना मी फार आजारी पडलो. तेव्हा आईबापांनी पहिलं नाव काढून हे ठेवलं. मृत्यू बाळाला शोधत आला तर त्याला सांगायचं, इथे बाळ नाही, म्हातारा राहतो." मग हसले. "शाळेत फार चिडवायचे. आता कुठे नाव मापात बसलं."

बोलता बोलता कळलं की ते तुझ्या बायकोच्याच माणसांतले. मग मी सोडते होय? कोट, टॉवेल सगळं बाजूला सारलं, त्यांना स्टूल दिलं आणि विचारलं, "जिवंत माणसाचं नाव बाळाला दिलं तर तुमच्यात काय बिघडतं?"

"बिघडत काही नाही. पण आमच्याकडे बारशाचं कळलं की लोक विचारतात, कोण गेलं?"

"आणि कोणीच गेलं नसेल तर?"

"तर मग विचारत नाहीत. समजून घेतात की कोणीतरी निघालं आहे आणि घरच्यांनी मान्य केलंय."

मी म्हटलं, "आमच्याकडे आजी नातीला नाव देते आणि नंतर वर्षानुवर्षं दोघी भांडतात, हाक कोणाला मारली म्हणून."

ते म्हणाले, "ते छानच आहे की. पण तुमची सून तुमच्याकडे वाढलेली नाही." ॲप्रनला करड्या रंगाचा दोरा घातला. निघताना नाव दोन बोटांनी चाचपून बघितलं आणि म्हणाले, "टिकेल हे."

तर तिची बाजू मी ऐकून घेतली. कोणी म्हणू नये की म्हातारी हट्टाला पेटली आहे. आता माझी बाजू ऐक. ही तुला कधी सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी वाटली नव्हती.

माझ्या नावाने मला हाक मारणारं आता कोणी उरलं नाही, लुकड्या. तुम्ही आई म्हणता. ताईची मुलं आजी म्हणतात. गिऱ्हाइकं मॅडम म्हणतात, टेलरमास्तर "अहो" म्हणतात. तुझे बाबा होते तोवर रोज कानावर पडायचं, आतल्या खोलीतून, कधी चष्मा सापडत नाही म्हणून, कधी उगाचच. ते गेले आणि घरात नाव बंद झालं. परवा इस्पितळात नर्सने दारात येऊन पुकारलं, पहिलं नाव, मोठ्याने, आणि मी उठलेच नाही. ताईने कोपराने ढोसलं, "आई, तुला बोलावतायत." मला वाटलं, दुसरी कोणीतरी.

दिवसभर मी परक्यांची नावं भरते आणि माझं कोणी घेत नाही. याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. एखाद्या घरात, भले समुद्रापलीकडे का असेना, कोणीतरी ओरडेल, अगं खाली उतर, अगं जेव, अगं पडशील, आणि पुढे माझं नाव असेल. मी तिथे नसले तरी चालेल.

हे वाचून तिला काही वाटतं का बघ. वाटलं नाही तर कळव, म्हणजे मी नाद सोडते. डॉक्टरीणबाई एका तारखेसाठी मागे लागल्या आहेत, त्यांना मी सांगितलंय, घरातलं एक काम मार्गी लागू दे, मग बघू. कसली तारीख ते महत्त्वाचं नाही. डॉक्टरांना तारखा देण्याची हौसच असते.

तुझी आई

२७ मार्च

लुकड्या,

हो म्हणालात.

पाकीट दारातच फोडलं आणि पहिल्या ओळीवरच थांबले. "आई, तुझंच नाव ठेवतोय, येत्या महिन्यात कचेरीत जाऊन नोंदवतो." चष्मा न लावताही वाचता आलं. टेलरमास्तरांच्या दुकानात गेले आणि त्यांना वाचून दाखवलं. कपाळावर आठ्या घालून बसलेला माणूस, उठून उभा राहिला. बेकरीतून केक आणवला. शुक्रवारवाल्याने त्याचे पैसे घेतले नाहीत. मुख्याध्यापिका गणवेशांसाठी आल्या होत्या, त्यांनाही सांगितलं. सगळ्या गल्लीला माझं नाव कळलं. कित्येकांना पहिल्यांदाच कळलं, इतकी वर्षं मी इथे असून.

मग परत आले आणि नवं दुपटं काढलं. जुन्यावर भोकं आहेत, ते नको. रिंगमध्ये ताणलं, खाली कागद लावला, पिवळा दोरा ओवला. आणि मशीन सुरू करायच्या आधी सवयीने उरलेलं पत्र वाचायला घेतलं.

"तिला समजावणं फार जड गेलं," असं तू लिहितोस. "दोन दिवस तिने ऐकलं नाही. मग खूप रडली आणि म्हणाली, ठीक आहे, आईंचं नाव ठेवू या."

मी ते परत वाचलं. जी बाई जिवंत माणसाचं नाव दुपट्यावरसुद्धा सहन करू शकली नाही, जिने आपल्या आईच्या नजरेला पडू नये म्हणून टाका न टाका उसवून काढला, ती एकदम ठीक आहे कशी म्हणाली? माझ्या पत्राने विरघळली म्हणावं, तर रडायचं कारण काय? माणूस हट्ट सोडताना चिडतो, रडत नाही.

तसंच उठून ताईकडे गेले. ती भाजी चिरत होती.

"तू त्याला सांगितलंस," मी म्हटलं.

तिने सुरी खाली ठेवली. "आई, तू म्हणालीस, कोणाला सांगू नकोस. तो कोणी आहे का?"

"काय सांगितलंस?"

"आहे ते सगळं. गाठ आहे म्हणून सांगितलं. काढावी लागेल आणि तू तारीख देत नाहीस, हेही सांगितलं. तू नुसती नावाचं घेऊन बसली आहेस म्हणून सांगितलं. मग मी एकटीने काय करायचं होतं, आई?" आणि ती रडायला लागली, एवढी मोठी बाई, दोन मुलांची आई, आणि मला तिला जवळ घ्यावं लागलं, रागात असताना.

तर आता झाकून ठेवण्यासारखं काही उरलं नाही. ताईचा गुडघा ठणठणीत आहे. पोटात गाठ आहे, जठराच्या मागे. दुकान बंद होतं ते दोन दिवस मी इस्पितळातल्या खाटेवर होते, पोटात नळी घालून तपासत होते. डॉक्टरीणबाई म्हणतात, कापून काढता येईल अशी आत्ता आहे, आणखी थांबलो तर सांगता येत नाही. पुरती निघेल का, तर त्या हातचं राखून बोलतात. मी नेट लावून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "शक्यता चांगली आहे, पण खात्री देत नाही." असं आहे ते.

पण तू काय केलंस, लुकड्या? माझ्या सुनेकडे गेलास आणि म्हणालास, आई जाणार आहे, आता तरी नाव दे. आणि ती बिचारी तिच्या रीतीने बरोबर वागली. जाणाऱ्याचं नाव देतात, म्हणून तिने दिलं. घड्याळवाल्यांचं बोलणं मी इतक्या हुशारीने तुला लिहून कळवलं होतं आणि माझ्या डोक्यात आत्ता शिरलं. घरच्यांनी मान्य केलंय.

मला भीती वाटते. हे तुझ्याशी मी आयुष्यात पहिल्यांदा बोलते आहे. इतके दिवस वाटली नव्हती, खरंच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर गाठ दाखवली तेव्हाही मी आपली विचारत होते, किती वाजले, मला दुकान उघडायचंय. पण तुमचा होकार वाचला आणि वाटली. मशीनवर दुपटं ताणलेलं आहे, सुई वर आहे, आणि माझ्याने कळ दाबवत नाही.

कचेरीत जाऊ नकोस. जायचं ते नंतर ठरवू. का जाऊ नकोस ते मला नीट सांगता येत नाहीये, डोकं ठिकाणावर नाही. उद्या लिहिते.

तुझी आई

२८ मार्च

सूनबाई,

तुला मी पहिल्यांदाच लिहिते आहे. आतापर्यंत सगळी पत्रं त्याला लिहिली आणि त्यांत तुझा उल्लेख "तुझी बायको" असा केला, जसं काही तू कोणी सापडलेली वस्तू आहेस. टपालाला वेळ लागेल, म्हणून ताई या पत्राचा फोटो आजच फोनवर पाठवेल; तो तुला वाचून दाखवेल, अर्थ सांगेल. मधे थांबला किंवा गोड करून सांगायला लागला तर त्याला चिमटा काढ. दंडाला काढ, तिथे त्याला जास्त लागतं.

ऐक. माझं नाव बाळाला देऊ नकोस.

काल दिवसभर मी चरफडत होते की पोरांनी मला उठवून बाजूला बसवलं. आज सकाळी दात घासताना लक्षात आलं की सुरुवात मीच केली होती. मला बाळाचा जन्म झाल्याचं कळलं, त्याच आठवड्यात पोटाचं दुखणंही कळलं होतं. तोवर मी नावाबद्दल कधी ब्र काढला होता का? तुमच्या लग्नात नाही, तुला दिवस गेले तेव्हाही नाही. आणि एकदम घाईघाईने दुपटं भरलं, पार्सल केलं, भांडले, पत्रांवर पत्रं लिहिली. रीत, आजी, मांडी, सगळं खरं आहे. पण डॉक्टरीणबाई तारीख मागत होत्या आणि मी म्हणत होते, आधी घरातलं एक काम मार्गी लागू दे. कुठलं काम? मी आवराआवर करत होते, पोरी. एकदा नाव तुमच्या घरी पोचलं की मी मोकळी, असं कुठेतरी मनाशी ठरवून बसले होते. तुमच्या लोकांनी मला घालवलं नाही, मीच निघाले होते, आणि पुन्हा माझी समजूत अशी की मी हट्ट करते आहे.

त्या सगळ्यात एकटी तू नाही म्हणालीस. बाकी सगळ्यांना मी पटवलं असतं. टेलरमास्तरांना पटलं होतं, ताईलाही पटलं होतं, माझा मुलगा तर पहिल्यापासून पातळ काळजाचा. तू मात्र पातं घेऊन बसलीस आणि मला तिथून उसवून काढलंस, आणि मी त्याला अपमान समजले. मग त्याने येऊन सांगितलं की आता उपयोग नाही, तेव्हा तू रडलीस. तू रडलीस हे कळलं म्हणून माझे डोळे उघडले. माझ्यासाठी इतकं कोणी नाही म्हणालं नव्हतं.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांना म्हटलं, तुमच्याकडची सगळ्यात जवळची तारीख द्या. त्यांनी पुढच्या मंगळवारची दिली. ताई सुट्टी काढते आहे. टेलरमास्तर म्हणतात, मशीन ते सांभाळतील. त्यांना एक अक्षर सरळ भरता येत नाही, म्हणजे मला बरं होऊन लवकर परत येणं भागच आहे. मला भीती वाटते, ती मंगळवारपर्यंत वाटत राहणार. पण कालच्यासारखी नाही. काल मी एकटीच एका बाजूला होते.

तेव्हा तू हटून बस. तो आग्रह करेल, म्हणेल, आईची इच्छा होती. होती, आता नाही. त्याला सांग, मी मानत नाही. तुला भांडायला शब्द कमी पडले तर हे पत्र त्याच्यापुढे धर. मंगळवारी मला भूल देतील तेव्हा मला हे ठाऊक असायला हवं की समुद्रापलीकडे एक बाई माझ्या वतीने नाही म्हणून बसली आहे. देवाला काय मागायचं ते ताई मागेल. मला तुझं हे हवंय.

टिकलीला दुसरं काय नाव ठेवायचं ते तुम्ही ठरवा. तुझ्या घरच्या गेलेल्या कोणाचं ठेवा, वाराचं ठेवा, फुलाचं ठेवा. अर्थ मला कळव, म्हणजे दोऱ्याचा रंग ठरवता येईल. आणि मुदतीची वाट पाहू नका. उद्याच कचेरीत जा आणि तिचं नाव लिहून टाका.

माझं मी अजून वापरते आहे.

तुझी सासू